जाताना तिकीट लागत नाही

मे महिन्यातला एक रविवार. ताईच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी लाईट गेलेली, गॅलरीत बसून आम्ही दोघी चिंच फोडतोय आणि मधे तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर गोझोहून भाचा. आज सुट्टी ना रे, काय केलंस? चाललो. कुठे? मार्सालफोर्नवरून निघालो, समुद्राच्या कडेकडेने द्वेरापर्यंत. अरे मागच्या सुट्टीला पण तिकडेच गेला होतास ना? हो, परत गेलो. मग नेहमीचं, जेवलास का, केस किती वाढलेत, बॅटरी संपत आली म्हणून फोन बंद. ताईने एक चिंचोका काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "हा मुलगा गं, कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढायचा. पांडवलेणीला चल म्हणलं की विसाव्या वर्षी याचे गुडघे दुखायचे. आणि तिकडे जाऊन चालतोय. परत परत." मी हसले, विषय बदलला, पण ते "परत गेलो" काही डोक्यातून जाईना. कारण त्याच्या आवाजात ना कौतुक होतं ना तक्रार. तो खूश आहे की एकटा पडलाय हे त्या दोन शब्दांवरून कळत नव्हतं, आणि ताईला ते विचारायची सोय नव्हती कारण तिला ऐकायचंच नव्हतं.

गोझो म्हणजे माल्टा देशातलं धाकटं बेट. लांबी १४ किलोमीटर, रुंदी जेमतेम ७. नाशिक रोड स्टेशनवरून सातपूर एमआयडीसीला जायला जेवढं अंतर, जवळपास तेवढ्यात हे बेट या टोकापासून त्या टोकाला संपतं. क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर, आपली महानगरपालिकाच अडीचशेच्या वर आहे. माणसं चाळीसेक हजार, म्हणजे सिडकोच्या एका कोपऱ्यात मावतील. तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये तो कुक आहे. सकाळी साडेआठ ते तीन, मधे सुट्टी, परत सहा ते रात्री अकरा. खोली तिघांत, एक केरळचा, एक नेपाळचा आणि हा. राहण्याचं आणि कामाचं परमिट एकच, आणि ते त्या मालकाशी बांधलेलं, नोकरी बदलायची तर सगळी कागदपत्रं पहिल्यापासून. एजंटला दिलेल्या पैशांचं कर्ज ताईच्या नावावर. हे सगळं माहीत असताना तो "चाललो" म्हणतो तेव्हा आपण काय समजायचं?

मग ऑगस्टमध्ये आम्ही दोघी गेलोच. ताईचा पहिला परदेश प्रवास, बॅगेत निम्मा चिवडा.

मुख्य बेटावरच्या विमानतळावर तो घ्यायला आला होता. काळा पडलेला, पोटऱ्या भरलेल्या. तिथून बसने पार उत्तरेचं टोक, चिरकेव्वा नावाचा धक्का, आणि मग बोट. बोटीत चढताना तिकीट कुणी विचारेना म्हणून ताई कासावीस. आयुष्यभर नाशिकच्या सीबीएस एसटी स्टँडवर रांगा लावलेली बाई ती, तिला वाटलं आपल्याला मधेच उतरवतील. भाचा म्हणाला, आई, जाताना तिकीट लागतच नाही, परत येताना पलीकडच्या धक्क्यावर घेतात, दोन्ही बाजूंचं एकदम. गोझोला गेलेला माणूस कधीतरी परत येणारच ना, मग दोनदा कशाला तपासायचं. ताईने यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे अडकायला फुकट आणि सुटायला पैसे." तो हसला. पंचवीस मिनिटांत बोट लागली.

त्या बेटाचा रंग एकच आहे, मधाचा. घरं, भिंती, चर्च, रस्त्याकडेचे कठडे, सगळं तिथल्याच चुनखडी दगडाचं. शेतांना मातीचूना न लावता नुसते दगड रचलेले बांध, त्यातून बाहेर डोकावणारी फड्या निवडुंगाची झुडपं, आणि त्याची लाल-पिवळी फळं बाजारात विकायला ठेवलेली. ताई म्हणे हे तर आपल्याकडे बांधावर पडून असतं, याला पैसे? ऊन असं की डोळे बारीक करूनच फिरायचं. दुपारी एकनंतर गाव मिटून घेतं, दुकानाच्या फळ्या बंद, गल्लीत फक्त मांजरं. चारनंतर बाया दारात खुर्च्या टाकून बसतात, तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे, मांडीवर लांब उशी आणि त्यावर लाकडी गुट्ट्या खुळखुळवत लेस विणतात. ताई अशा एका आजींजवळ अर्धा तास उभी होती, दोघींची भाषा वेगळी, पण टाके मोजणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी आजींनी हिच्यासाठी खुर्ची बाहेर आणून ठेवलेली.

आणि नदी नाही. हे ताईला काही केल्या पटेना. अख्ख्या देशात बारमाही वाहणारी एक नदी नाही, पाऊस पडला की घळीतून थोडे दिवस पाणी जातं, तेवढंच. पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा समुद्राचं खारं पाणी गाळून काढतात. नाशिकच्या माणसाला हे ऐकून कसंतरीच होतं. आपण पूर आला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला हे बघायला छत्री घेऊन निघणारे लोक. ताईने विचारलं, "मग अस्थी कुठे सोडतात?" भाचा म्हणाला, आई इथे पुरतात. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, हो की.

खेळाचं वेड मात्र विचारू नका. आम्ही गेलो तेव्हा सांता मारियाच्या सणाची धामधूम होती, १५ ऑगस्टचा सण. व्हिक्टोरिया हे त्यांचं मुख्य गाव, तिथला मुख्य चढाचा रस्ता बंद करून त्यावर घोड्यांच्या शर्यती लावतात. त्या रस्त्याचं जुनं नावच रेसकोर्स स्ट्रीट. घोडा, मागे दोन चाकांची हलकी गाडी, त्यावर पाय फाकवून टेकलेला माणूस, आणि दोन्ही बाजूंना फुटपाथवर लोकांची भिंत. टापांचा आवाज आधी येतो, मग गर्दीतून एक लाट उठते आणि समोरून घामाने चमकणारी छाती निघून जाते, नाकात घोड्याचा वास राहतो. मला एकदम वडील आठवले. निफाडकडच्या जत्रेत बैलांच्या शर्यती बघताना त्यांचा आवाज बसायचा, घरी आल्यावर आई गुळण्यांना हळद-पाणी द्यायची आणि दिवसभर त्यांच्याशी बोलायची नाही. ताईलाही तेच आठवलं असणार कारण तिने माझा हात धरला होता आणि शर्यत संपल्यावर पटकन सोडला.

त्याच रस्त्यावर दोन ऑपेरा हाऊस आहेत. एवढ्याशा बेटावर दोन! एक अॅस्ट्रा, एक ऑरोरा. एक सेंट जॉर्जवाल्यांचं, दुसरं सांता मारियावाल्यांचं, प्रत्येकाचा आपला बँड, आपला सण, आणि दरवर्षी दोघंही आपापला ऑपेरा करतात, ईर्षेने. कुठल्या घरात जन्मलात त्यावर तुमची बाजू ठरते. रंगपंचमीला जुन्या नाशकात तुझी रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, कुठली यावरून माणसाची ओळख लागते तसलाच प्रकार. फुटबॉल वर्ल्ड कपला म्हणे अर्धा देश इंग्लंडकडून, अर्धा इटलीकडून, कारण स्वतःची टीम कधी पोचलीच नाही. स्पेनने १९८३ साली त्यांना १२-१ हरवलं होतं, ते अजून सांगतात, हसत हसत. १९२८ पासून ऑलिंपिकला जातात, एक पदक नाही. पण दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या युरोपियन देशांचे वेगळे खेळ असतात, ते २०२३ ला माल्टातच झाले आणि त्यात हे पहिले आले. याचा आनंद त्यांना १२-१ च्या दुःखापेक्षा मोठा. मी भाच्याला म्हणलं आपल्या नाशिकला तर त्यात प्रवेशच नाही, २०११ च्या जनगणनेलाच आपण १४ लाखांच्या पुढे होतो. तो म्हणाला मी किचनमधल्या पोरांना दत्तू भोकनळचं सांगितलंय. चांदवडजवळच्या तळेगावचा, विहिरी खोदायला जाणारा, पाणी बघून घाबरणारा पोरगा आर्मीत जाऊन वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओत तेरावा आला. इथे सप्टेंबरच्या आठ तारखेला होड्यांच्या शर्यती असतात, गावागावांच्या, त्या पोरांना वाटायचं वल्हवणं म्हणजे आपलीच मक्तेदारी. दुष्काळी तालुक्यातला माणूस ऑलिंपिकला वल्हवतो हे त्यांना खरंच वाटेना, त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. हे सांगताना तो इतका फुलला होता की मला वाटलं, नाशिकला असताना याला दत्तू भोकनळ कोण हे तरी माहीत होतं का.

तो स्वतः क्रिकेट खेळतो. महिन्यातून एखाद्या वेळी, बोट पकडून, दोन बस बदलून मार्सा नावाच्या ठिकाणी जातो, तिथे क्रिकेटचं ग्राउंड आहे. माल्टाच्या टीमची यादी बघा कधी, बरीच नावं आपल्या उपखंडातली. तीन-चार तासांचा प्रवास, वाट्याला दोन ओव्हर. नाशिकला गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर सकाळी पाच मिनिटांत पोचायचा तेव्हा हाच पोरगा उठायचा नाही.

पण सगळ्यात जास्त त्याने सांगितलं ते नील अॅजियसबद्दल. माल्टाचाच पोहणारा. २०२१ ला इटलीच्या लिनोसा बेटावरून निघून गोझोपर्यंत पोहत आला, सव्वाशे किलोमीटर, पन्नासहून जास्त तास न थांबता. आणि मग २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो कुठून कुठे गेला नाही, आपल्याच बेटांना चक्कर घातली. १४० किलोमीटरच्या वर, साधारण ६० तास. म्हणजे जिथून निघाला तिथेच. भाच्याला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा भारी वाटते. मी विचारलं का, तर खांदे उडवले. "पहिल्यात पोचायचं होतं गं मावशी."

आता तिसरा सोमवार.

श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी. नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको, रविवारी रात्रीपासूनच एसट्या भरभरून लोक, कुशावर्तात डुबकी, आणि मग चिखलात, पावसात, अनवाणी, डोंगराला वळसा. ताई लग्नानंतर दरवर्षी जायची, गुडघ्याने बोलायला सुरुवात केल्यावरही जायची. माल्टाची तिकिटं काढली तेव्हा तिने कॅलेंडर बघितलं नव्हतं म्हणे, मला ते खरं वाटत नाही. ती रविवारी संध्याकाळपासून गप्प. भाच्याने ओळखलं. म्हणाला, सकाळी पाचला उठा दोघी, साडेआठला माझी ड्युटी, तेवढ्यात जमेल तेवढी फेरी करू.

अंधारात निघालो. मार्सालफोर्नच्या धक्क्यावर रात्रीचे शेवटचे लोक अजून बिअर पीत बसलेले, आणि त्यांच्यासमोरून नऊवारी नाही पण साडी खोचलेली ताई, हातात चपला. दहा पावलांत तिने चपला परत घातल्या, तो दगड फार टोकेरी. डावीकडे शेतं, उजवीकडे समुद्र, वास खारट आणि थोडा शेवाळाचा. उजाडायला लागलं तसे श्वेनीचे मिठागर दिसले. कातळातच कोरलेले चौकोन, शेकडो, समुद्राच्या काठाने रांगेत, काहींत पाणी, काहींत पांढरा थर. एक म्हातारा लांब दांड्याच्या झाडूने मीठ लोटत होता, खर्रर खर्रर असा आवाज, थांबला, आमच्याकडे बघून मान हलवली, एक चिमूट ताईच्या हातावर ठेवली. ताई मला हळूच, "हे उपासाला चालेल का गं? समुद्राचं आहे." मी म्हणलं शंकराला विचार. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं.

पुढे एक घळ आहे, समुद्र आत शिरलेला, उंच कडे आणि मधे चिंचोळं निळं पाणी. खाली उतरायला पायऱ्या. ताई वरच बसली, मी तिच्याबरोबर. भाचा उतरला, शर्ट काढला आणि सरळ पाण्यात. आमच्या ताईने या मुलाला रामकुंडावर कधी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. होळकर पुलावरून पुरात उड्या टाकणारी पोरं दिसली की ती त्याचे डोळे झाकायची, खरोखर हाताने. तो आत्ता पाठीवर तरंगत होता. मला वाटलं ही ओरडणार. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कुणी शिकवलं याला?" नेपाळच्या पोराने, असं नंतर कळलं, ज्याच्या देशाला समुद्रच नाही.

परत येताना मी शेवटी विचारलंच. तेच तेच काय चालतोस रे, कंटाळा येत नाही? तो म्हणाला, येतो ना. खोलीत बसलं की जास्त येतो. सुरुवातीला तर एवढ्यासाठीच निघायचो, दोघं झोपलेले असायचे, लाईट लावता यायचा नाही, बाहेर काही खायला जावं तर पैसे. मग सवय लागली. "आणि नाशिकला कसं मावशी, रस्ता संपतच नाही. मुंबई, पुणे, सुरत, धुळे. निघायचं म्हणलं की कुठे ते आधी सांगावं लागतं, मग कशाला, कुणाबरोबर, कधी येणार. इथे कुठे जाणार? समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि चालायचं." मला त्यात जेवढी मोकळीक ऐकू आली तेवढंच दुसरं काहीतरीही ऐकू आलं, आणि मी ते उकरलं नाही. ताईला बहुतेक फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं. ती थांबली. "उजव्या हाताला? अरे म्हणजे तू उलटी घालतोयस! प्रदक्षिणेत ज्याच्याभोवती फिरायचं ते उजवीकडे हवं. समुद्र डावीकडे पाहिजे." भाचा हसून हसून खाली बसला. पण ती गंभीर होती. दीड-दोन वर्षं हा मुलगा उलटी प्रदक्षिणा घालतोय आणि म्हणून परमिट बदलत नाही, म्हणून मालक पगार वाढवत नाही, असा सगळा हिशोब तिच्या डोक्यात लागलेला मला दिसत होता.

जवळच रम्लाची लालसर वाळूची चौपाटी आहे आणि तिच्या वरच्या बाजूला एक गुहा. ग्रीक कथेतला ओडिसियस घरी जाताना वाटेत एका अप्सरेपाशी सात वर्षं अडकला, ती जागा हीच असं गोझोवाले सांगतात. भाच्याने ताईला ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ताईने एकच विचारलं, कोण अप्सरा? तेव्हापासून पुढचे दोन दिवस मला हॉटेलातल्या प्रत्येक मुलीची चौकशी करावी लागली.

निघायच्या दिवशी तो इम्जारच्या धक्क्यापर्यंत आला. ड्युटी होती, तासाभराची परवानगी काढून. तिकीट खिडकीवर ताई पुढे झाली आणि तीन बोटं दाखवली. तो म्हणाला, आई दोन, मी येत नाहीये. "घे म्हणते ना." तीन तिकिटं आली. तिसरं तिने त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि खिसा वरून थोपटला. मी दुसरीकडे बघायला लागले, म्हणलं आता दोघं रडणार. तर हा शांतपणे म्हणतो, "अगं, इथे राहणाऱ्यांना कार्डावर खूप स्वस्त असतं. उगीच जास्तीचे पैसे दिलेस." मग एक युरो म्हणजे किती रुपये यावर माय-लेकांचा वाद, बोटीचा भोंगा, पळापळ, आणि नीट निरोप राहिलाच.

नाशिकला आल्यावर मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायला लागले. इथे मी पूर्वीही यायचे, पण कधी लक्ष दिलं नव्हतं, काय काय माणसं गोल फिरत असतात. बायपास झालेले काका, पोलीस भरतीची पोरं, मोबाईलवर कुणाला तरी झापत चालणाऱ्या बाई, मोगऱ्याचा गजरा माळून येणारी एक आजी. बाहेर सिंहस्थाची कामं, रस्ते खोदलेले, धूळ, जेसीबी. आणि रविवारी हीच सगळी मंडळी गाड्या काढून मिसळ खायला शहराबाहेर जातात आणि त्याला भटकंती म्हणतात. मीही जाते, मिसळीला नावं ठेवायची माझी टाप नाही.

दिवाळीनंतर भाच्याचं काँट्रॅक्ट वाढवून मिळालं, अजून दोन वर्षं. कर्जाचे हप्ते संपत आलेत. ताईने विचारलं, श्रावणात येशील का, फेरीला जाऊ. ऑगस्ट म्हणजे त्यांचा भर सीझन, तेव्हा हॉटेलात कुणालाच रजा नाही, फेब्रुवारीत मिळते. फेब्रुवारीत ये मग, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, बरं, तुझ्या वाटणीची आम्ही दोघी घालतो, नेहमीची वीस किलोमीटरची नाही, मोठी, चाळीसची. माझ्याकडे बघून म्हणाली. मी अजून हो म्हणलेलं नाही.